कराटेच्या वर्गात काठीला जागा आहे का?

कराटेच्या वर्गात काठी येते ती बहुधा स्नेहसंमेलन जवळ आल्यावर. वर्षभर पंच, ब्लॉक, किक आणि काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, घोटणारी मुलं त्या आठवड्यात अचानक नानचाकू फिरवायला लागतात. गाणं लागतं, टाळ्या पडतात, पालक मोबाइल उंचावून चित्रीकरण करतात आणि दुसऱ्या दिवशी ती आयुधं पुन्हा कपाटात जातात. चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा, ब्रह्मपुरी, देसाईगंज, गडचिरोली अशा तालुक्यांच्या गावांपर्यंत कराटेचे वर्ग आता पोचले आहेत. त्यामुळे जगभरच्या कराटेवाल्यांत जुना झालेला वाद इथेही विचारात घ्यायला हवा: पारंपरिक शस्त्रांचं शिक्षण कराटेचा भाग आहे का, की ते मंचापुरतं लावलेलं तोरण आहे?

या प्रश्नाला तीन उत्तरं दिली जातात. पहिलं, कराटे ही रिकाम्या हातांची विद्या असून शस्त्र शिकायचं असेल त्याने दुसरीकडे जावं. दुसरं, शस्त्राशिवाय कराटे अर्धंच आहे. तिसरं, शस्त्र शिकवा, पण स्वतंत्र विषय म्हणून, वेगळ्या गुरूकडे आणि वेगळ्या वेळी. प्रत्येक उत्तरात तथ्य आहे. मात्र ही उत्तरं ओकिनावा, तोक्यो किंवा लंडन डोळ्यांपुढे ठेवून दिलेली आहेत. जिथे शाळकरी पोरालाही विळा, कुऱ्हाड आणि बैल हाकायची तुतारी हाताळता येते, अशा मुलखात त्यांचा अर्थ थोडा बदलतो.

ओकिनावात काय होतं

कराटेचं माहेर जपानच्या मुख्य बेटांवर नाही, दक्षिणेकडच्या ओकिनावात आहे. १८७९ पर्यंत तिथे र्युक्यू नावाचं वेगळं राज्य होतं. १६०९ मध्ये जपानमधल्या सात्सुमा संस्थानाने ते जिंकलं. पुढे शस्त्रबंदी झाली, म्हणून शेतकऱ्यांनी नांगर-विळ्यांचीच हत्यारं केली, ही कथा प्रत्येक कराटे वर्गात सांगितली जाते. ऐकायला ती छान आहे, पण इतिहास तिला फारशी साथ देत नाही. ओकिनावातली शस्त्रविद्या मुख्यतः दरबाराशी जोडलेल्या वर्गाकडे होती. सोकोन मात्सुमुरा हे राजांचे अंगरक्षक होते आणि त्यांनी सात्सुमात जाऊन तलवारबाजीही शिकली होती. त्रिशूळासारखी दिसणारी साई शेतीचं अवजार कधीच नव्हती. ती पोलिसी काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांच्या कमरेला असे. लांब काठी, म्हणजे बो, हिच्यावर चिनी दंडविद्येचा ठसा स्पष्ट आहे. कामा हा मात्र खरोखर विळा आणि एकू हे खरोखर कोळ्याचं वल्हं.

या वादासाठी महत्त्वाची गोष्ट अशी की त्या काळच्या गुरूंनी हात आणि हत्यार यांच्यात आजच्यासारखी भिंत घातलेली नव्हती. एकच माणूस दोन्ही शिकवी. ज्यांनी १९२२ मध्ये तोक्योत प्रात्यक्षिक दाखवून कराटे मुख्य जपानात नेलं, त्या गिचिन फुनाकोशींचीही बो आणि साई हातात घेतलेली छायाचित्रं आहेत. त्यांचेच शिष्य शिनकेन तायरा पुढे शस्त्रविद्येकडे वळले, मोदेन याबिकूंकडे शिकले आणि विखुरलेले शस्त्रकाते गोळा करण्यात त्यांनी आयुष्य घालवलं. आज ज्याला कोबुदो म्हणतात त्याचा मोठा भाग तायरा आणि मातायोशी या दोन परंपरांमुळे टिकला.

मग काठी सुटली कुठे?

काठी सुटली ती शाळेत. आन्को इतोसू यांनी १९०१ च्या सुमारास ओकिनावातल्या शाळांमध्ये कराटे आणलं. एका वेळी रांगेत उभी केलेली मुलं, थोडा वेळ, एकच शिक्षक आणि हेतू शरीर घडवण्याचा, या चौकटीत बसेल एवढंच त्यांनी घेतलं. पिनान हे सोपे काते त्यातूनच आले. पन्नास मुलांच्या रांगेत सहा फुटी काठ्या देणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

दुसरं कारण मुख्य जपानातलं. १९३३ मध्ये कराटेला तिथल्या दाय निप्पोन बुतोकुकाई या मोठ्या युद्धकला संस्थेत मान्यता मिळाली. पण तलवारीची गादी तिथे आधीच केंदोकडे होती. नव्याने आलेल्या ओकिनावी विद्येने हातापायांवर भर दिला आणि आपली वेगळी ओळख केली. १९४९ मध्ये जपान कराटे असोसिएशन स्थापन झाली, विद्यापीठांत स्पर्धा वाढल्या आणि काठी आणखी मागे पडली. फुनाकोशींच्या शोतोकान शैलीच्या मूळ साठ्यात बोचे काते असूनही बहुतेक शोतोकान वर्गांत आज त्यांची नावंही कुणाला ठाऊक नसतात.

म्हणजे शस्त्र वगळलं गेलं ते तत्त्वापोटी नव्हे, तर सोयीपोटी. सोय क्षुल्लक होती असं नाही. चंद्रपूरच्या शिक्षकापुढे आज तीच अडचण उभी आहे.

भारतात शस्त्र परत आलं ते सिनेमातून. १९७३ च्या ‘एंटर द ड्रॅगन’ने ब्रूस ली घराघरात पोचवला आणि नानचाकू म्हणजेच कराटे असं समीकरण पक्कं झालं. ब्रूस ली कराटेचा नव्हता, त्याची मुळं चिनी विंग चुनमध्ये होती, पण हे सांगून उपयोग नव्हता. त्यामुळे आपल्याकडे शस्त्रशिक्षणाचा क्रमच उलटा लागला. ओकिनावात आधी काठी शिकवतात, नानचाकू पुष्कळ नंतर येतो. आपल्याकडे नानचाकू पहिला, आणि बऱ्याचदा तोच शेवटचा.

काठी शिकवते काय?

शस्त्राच्या बाजूने बोलणारे परंपरेचा दाखला देतात, पण त्यांचा खरा भक्कम मुद्दा शिकवण्याच्या पद्धतीशी निगडित आहे. दोन वर्षं कराटे शिकलेला एखादा मुलगा घ्या. त्याची ग्याकु-झुकी, म्हणजे मागच्या हाताचा ठोसा, दिसायला ठीक असते. पण तो कंबर न वळवता नुसत्या खांद्याने मारतो. शिक्षक शंभर वेळा ‘कंबर, कंबर’ म्हणून ओरडतात, काही फरक पडत नाही. आता त्याच्या हातात बो द्या. बोची प्रचलित लांबी सहा शाकू, म्हणजे सुमारे १८२ सेंटिमीटर. काठीचे मनाने तीन भाग करून दोन्ही हात त्या भागांच्या जोडांवर ठेवायचे आणि समोर भोसकायचं. कंबर वळली नाही तर मागचं टोक त्याच्याच बरगडीला अडतं. मागचं कोपर वर गेलं तर पुढचं टोक खाली झुकतं. चूक सांगायला शिक्षक लागत नाही, काठीच सांगते. कराटेत एक हात मागे खेचून कंबरेशी का आणायचा, हे न कळता वर्षानुवर्षं करणाऱ्यांना दोन्ही हात एका दांड्याने जोडले गेल्यावर ओढणं आणि ढकलणं ही एकच हालचाल आहे हे लगेच उमगतं.

दुसरी शिकवण अंतराची. रिकाम्या हातांच्या सरावात पाऊल अर्धवट पडलं तरी निभावून जातं. दोघांच्या हातांत सहा फुटी काठ्या असल्या की अर्धं पाऊल म्हणजे बोटांच्या पेरांवर फटका. जपानी लोक ज्याला माआई म्हणतात ते दोघांमधलं अंतर, आणि त्या अंतरात शिरण्याची नेमकी वेळ, काठीच्या जोडीच्या सरावात जेवढी अंगी मुरते तेवढी क्वचितच दुसऱ्या कशात मुरते.

मात्र हे फायदे जोडीच्या सरावातून आणि संथ आवर्तनांतून मिळतात. आरशापुढे नानचाकू गरगरा फिरवण्यातून मनगट मोकळं होतं, धीटपणा येतो, बाकी कराटेला त्याचा उपयोग थोडाच. त्यामुळे ‘शस्त्र हवं का’ यापेक्षा ‘कोणतं शस्त्र आणि कोणत्या सरावासाठी’ हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

विरोधकांचं म्हणणं

विरोधाचा पहिला मुद्दा वेळेचा. आठवड्यातून दोन-तीन तास मिळणाऱ्या वर्गात मुलांचा मूळ पायाच कच्चा राहतो. त्यात शस्त्र घुसवलं की दोन्ही अर्धवट. हा मुद्दा रास्त आहे, आणि पिवळ्या-नारिंगी पट्ट्याच्या मुलांपुरता तर निर्णायकच आहे.

दुसरा मुद्दा स्पर्धांचा. जागतिक कराटे महासंघाच्या नियमांत काता आणि कुमिते, म्हणजे लढत, आहेत, शस्त्र नाही. शालेय स्पर्धा, क्रीडागुण आणि पुढे नोकरीतलं पाच टक्के क्रीडा आरक्षण यांकडे डोळे लावून बसलेल्या पालकाला काठीतून काहीच मिळणार नाही. काही खुल्या स्पर्धांत ‘वेपन काता’चा गट असतो, पण तिथे गुण बऱ्याचदा फेकण्या-झेलण्याच्या कसरतीला मिळतात. या मुद्द्याला एक उत्तर मात्र ऑलिंपिकनेच दिलं. २०२० ची तोक्यो ऑलिंपिक स्पर्धा प्रत्यक्षात २०२१ मध्ये झाली आणि तिथे पुरुषांच्या कात्याचं सुवर्णपदक ओकिनावाच्या र्यो कियुनाने जिंकलं. त्याची शैली र्युएई-र्यू. ही घराण्यात जपलेली शैली शस्त्रांसह शिकवली जाते. शस्त्रामुळेच तो जिंकला असं म्हणणं अतिरेकाचं होईल, पण शस्त्र शिकल्याने स्पर्धेचं कराटे बिघडतं हा समज त्याने नक्कीच खोटा ठरवला.

तिसरा मुद्दा स्वसंरक्षणाचा. साई किंवा बो घेऊन कोणी बाजारात जात नाही, मग शिकायचं कशाला? इथे समग्र शिक्षा अभियानातली एक योजना ध्यानात घेण्यासारखी आहे. ‘राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण’ या नावाने सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींना तीन महिन्यांचं शिक्षण दिलं जातं आणि त्यात किल्ल्यांचा जुडगा, ओढणी, दप्तर, पेन अशा रोजच्या वस्तू वेळप्रसंगी हत्यार म्हणून कशा वापरायच्या हेही येतं. म्हणजे हातातल्या वस्तूचा वापर सरकारी अभ्यासक्रमाने आधीच मान्य केला आहे. हातभर काठी हाताळायला शिकलेल्या मुलीला छत्री किंवा तुतारी हाताळणं परकं वाटणार नाही. तीन महिन्यांत मात्र कोणी काठी शिकत नाही, हेही तितकंच खरं.

झाडीतली काठी

आता चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांकडे येऊ. काठी, कुऱ्हाड आणि धनुष्य यांचं इथे अप्रूप नाही. माडिया आदिवासींच्या गावांत कुऱ्हाड खांद्यावर असणं म्हणजे घराबाहेर पडणं. १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबुराव शेडमाके यांच्या मागे उभी राहिलेली माणसंही याच रानातली होती. शेडमाके यांना त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चंद्रपुरात फाशी दिलं गेलं. ओकिनावाच्या शेतकऱ्यांविषयीची जी कथा तिथे अर्धीमुर्धी खरी आहे, तिच्याशी इथला इतिहास जास्त जुळतो. फरक एवढाच की इथे त्या हत्यारांचं बैठकबद्ध शास्त्र झालं नाही, काते बांधले गेले नाहीत, पट्टे दिले गेले नाहीत.

शास्त्र होतं ते आखाड्यांत. विदर्भात त्याचं मोठं पीठ अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. बडोद्याहून द. चिं. मजुमदार यांच्या संपादनाखाली निघालेला दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ चाळला तर देशी व्यायामविद्येचं भांडार किती पद्धतशीर होतं हे लक्षात येतं. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांचा बोलबाला जास्त आहे, २०२४ च्या शिवजयंतीला दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला. पण लाठी-काठी फिरवणारे वस्ताद विदर्भातल्या गावांतही आहेत. शिवजयंतीला आणि गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत ते दिसतात, एरवी त्यांना कोणी विचारत नाही.

लाठी आणि बो एक नाहीत, हे ओळखून पुढे जायला हवं. बो मधोमध धरतात, दोन्ही टोकं कामाला येतात, फटका आखूड आणि सरळ असतो. लाठी टोकाजवळ धरून डोक्याभोवती मोठ्या वर्तुळात फिरवतात. एकाच वेळी चौफेर माणसं अंतरावर ठेवणं हा तिचा हेतू. कराटेवाल्याला वस्तादाकडे गेल्यावर पहिली अडचण पायांची येते: त्याची बैठक खोल आणि खिळलेली, तर लाठीचा पवित्रा सतत फिरता. ही अडचणच त्याला काहीतरी शिकवते.

शिवाय काठी आणायला जपानला जायला नको. बो तिकडे बहुधा ओकच्या लाकडाचा असतो. चंद्रपूर-गडचिरोली हे बांबूचे जिल्हे. इथल्या रानातला मानवेल जातीचा बांबू भरीव असतो, पोकळ कटांगासारखा तो फुटत नाही. पावसाळा सरल्यावर, थंडीत तोडलेल्या बांबूला घुण कमी लागतो. पेरं तासून, आगीच्या धगीवर सरळ करून, जवसाचं तेल पाजून सावलीत वाळवला की वर्षानुवर्षं टिकणारी काठी तयार होते. रानात लवचीक आणि चिवट धामणही आहे. ते लाकूड धनुष्याला आणि कावडीला वापरतात. मेंढा (लेखा) सारख्या गावाने सामूहिक वनहक्क मिळवून २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पास स्वतः देण्याचा अधिकार मिळवला. ज्या जिल्ह्यात बांबू ग्रामसभेच्या मालकीचा आहे, तिथल्या मुलांनी दुकानातून चिनी बनावटीचा चकचकीत नानचाकू मागवावा, हे विसंगत वाटतं.

एका भ्रमाचाही इथेच निकाल लावायला हवा. ताडोबा आणि ब्रह्मपुरीच्या भागात माणूस आणि वाघ यांचा संघर्ष रोजचा आहे. मोहफुलं वेचायला पहाटे रानात जाणाऱ्या बाईला ‘आमच्याकडे काठी शिका, जनावरापासून वाचाल’ असं सांगून कोणी वर्ग भरवत असेल तर तो गुन्हाच मानावा. रानात काठी उपयोगी पडते ती झुडूप बाजूला सारायला, आवाज करायला, साप हटवायला. वाघापासून वाचवतं ते एकत्र जाणं, बोलत जाणं आणि वाकून एकटं न बसणं. कुठलाही काता तिथे कामाचा नाही.

कायद्याची बाजू

शस्त्र शिकवणाऱ्याला कायदा ठाऊक असलाच पाहिजे. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालच्या नियमांच्या वर्गवारीत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं येतात. घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेली अवजारं तिच्यातून वगळलेली आहेत. म्हणून शेतातला विळा कायदेशीर, पण प्रात्यक्षिकासाठी धार लावून बनवलेल्या ‘कामा’च्या जोडीबद्दल प्रश्न निघू शकतो. सरावाचे कामा लाकडी किंवा बोथट ठेवणं हाच शहाणपणा.

काठीलाही मोकळीक नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ (१) खाली सण, निवडणुका, मोर्चे अशा वेळी जे मनाई आदेश निघतात, त्यांत तलवारी-भाल्यांच्या जोडीला सोटे आणि लाठ्याही असतात. अशा दिवसांत मुलांच्या हाती बो देऊन त्यांना एसटीने दुसऱ्या गावी स्पर्धेला पाठवणं म्हणजे विकतचं दुखणं. दशकानुदशकं बंदुकीच्या सावलीत राहिलेल्या गडचिरोलीत तर हातात हत्यारासारखं काही घेऊन जाणाऱ्या तरुणाकडे नाक्यावर कोणत्या नजरेने पाहिलं जाईल, हे सांगायला नको. काठ्या वर्गातच ठेवाव्यात, प्रवासात कापडी पिशवीत बांधाव्यात, सोबत संस्थेचं पत्र असावं. जाहिरातीत ‘शस्त्र प्रशिक्षण’ असे मोठे शब्द वापरण्यापेक्षा ‘काठीचा सराव’ म्हणणं इथे जास्त बरं.

मग करावं काय?

या साऱ्या उलटसुलट मुद्द्यांतून माझं मत असं बनतं की शस्त्राला कराटेत जागा आहे, पण ती ठरावीक आहे. पहिली दोन-तीन वर्षं शस्त्र नको. तेव्हा मुलाच्या हातापायांना स्वतःचीच ओळख झालेली नसते. त्यानंतर एकच शस्त्र: लांब काठी. तिच्यावर सरावाच्या वेळेचा पाचवा हिस्सा खर्च झाला तरी पुरे, पण तो जोडीच्या सरावावर व्हावा, कसरतीवर नव्हे. साई आणि टोन्फा (बाजूला मूठ असलेला आखूड दांडा) ब्लॅक बेल्टच्या टप्प्यावर यावेत. नानचाकू सर्वांत शेवटी, ज्याला हवा असेल त्यालाच. जोडीचा सराव करताना बोटांचं संरक्षण करणारे हातमोजे हवेत, आणि एका शिक्षकाने एका वेळी चार-पाच जोड्यांपेक्षा जास्त सांभाळू नयेत.

आश्रमशाळांत हे जमेल का? चंद्रपूर, चिमूर, गडचिरोली, अहेरी आणि भामरागड या आदिवासी विकास प्रकल्पांतल्या आश्रमशाळांमधली मुलं मुक्कामी असतात, सकाळ-संध्याकाळ मैदानावर असतात आणि अवजाराला घाबरत नाहीत. शहरातल्या वर्गाला जे दोन तासांत जमत नाही ते इथे जमू शकतं. कमतरता आहे ती शिकवणाऱ्यांची. बो शिकलेला प्रशिक्षक या भागात विरळा, आणि चित्रफिती पाहून शिकलेला बो धोकादायक.

खेलो इंडिया युवा स्पर्धांत २०२२ मध्ये पंचकुल्याला गतका, थांग-ता आणि कलरिपयट्टू यांना जागा मिळाली. पंजाब, मणिपूर आणि केरळ यांनी आपल्या शस्त्रविद्या नियमांत बसवल्या, पंच तयार केले, वयोगट ठरवले. महाराष्ट्राने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला, पण तो खेळाच्या मैदानापर्यंत आणायला नुसता मान पुरत नाही. कराटेची शिकवण्याची शिस्त, म्हणजे टप्प्याटप्प्याचा अभ्यासक्रम, परीक्षा आणि नोंदी, आखाड्यातल्या लाठीला मिळाली तर दोघांचंही भलं होईल.

सोपी वाट आहे ती कराटेच्या शिक्षकाने गावातल्या वस्तादाला वर्गात बोलावण्याची. वस्तादाने काठी शिकवावी, सेन्साईने तिला कराटेच्या पावलांशी जोडावं. या व्यवस्थेला पैसा फारसा लागत नाही, काठी तर रानातच आहे. लागतो तो दोन शिक्षकांनी एकमेकांपुढे विद्यार्थी म्हणून उभं राहण्याचा मोठेपणा, आणि आपल्याकडचा हा वाद ओकिनावाच्या इतिहासापेक्षा तिथेच जास्त अडलेला आहे.